मोकळे हात

"ही कोपऱ्यावर लावायची," काटकरदादा म्हणाला आणि त्यानं कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली. "मशिदीच्या कोपऱ्यावर. आधी नाही, नंतर नाही."

मी लाउडस्पीकरच्या कर्ण्याची तार जोडत होतो. कॅसेट हातात घेऊन दोन्ही बाजू पाहिल्या. वर काही लिहिलेलं नव्हतं.

"कसली आहे?"

"ऐक की. मशीन तुझं आहे, कान तुझे आहेत."

"दादा, पण कोपऱ्यावर आपण आवाज बंद करतो. पालखी खाली ठेवतात, दस्तगीरचाचा देवीला बांगड्या देतात, आणि मग वडापासून पुन्हा..."

"मला सांगतोस? मी काय परगावचा आहे?" तो हसला. हणमंत काटकर हसला की चांगला दिसायचा. पस्तिशीचा गडी, पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. नगरपालिकेची निवडणूक चार महिन्यांवर आली होती आणि तो पहिल्यांदा उभा राहणार होता. "इतकी वर्षं त्यांच्या दारातून तोंड मिटून जातोय आपण. देवी आपली, रस्ता सरकारचा, आणि गप्प बसायचं कुणी? आपणच?"

"भांडण होईल."

"आपण कुठं भांडतोय? आपण नुसती कॅसेट लावणार. आपल्या हातात काठी नाही, दगड नाही. दगड आलाच तर तिकडून येईल." तो टेबलावर वाकला. "आणि पहिला दगड तिकडूनच यायला पाहिजे, यशवंता. एक आला की बास. पुढचं मी बघतो."

पाहुणे आले की पानं वाढा, असं घरात सांगावं, त्या सुरात तो हे बोलला.

तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"जमत नसेल तर तसं सांग. तालुक्याहून माइक मागवतो. मात्र मग लग्नाला, गणपतीला, सभेला तोच येईल. नंतर माझ्याकडं रडत यायचं नाही."

आमच्या गावात माइकवाला मी एकटा. दुकानाच्या मागंच आमची खोली, मधे एक पडदा. तो गेल्यावर मी कॅसेट मशीनमध्ये घातली आणि आवाज बारीक ठेवून ऐकली. तिच्यावर कुणाचं तरी भाषण होतं. मुसलमानांच्या देवाबद्दल, पैगंबराबद्दल आणि मग त्यांच्या बायकांबद्दल. तो मजकूर मी इथं लिहिणार नाही. एकदा वाजवला तेवढा पुरे झाला.

पडदा हलला. हौसा बाहेर आली. माझी बायको. हाताला पीठ तसंच.

"हे वाजवणार तुमी?"

"ऐकतोय नुसतं."

"मी इचारलं त्ये सांगा."

"हौसा, शब्द माझे आहेत का? मी आवाज देतो फक्त. लग्नात पोरीच्या पाठवणीचं गाणं लावलं म्हणून मी रडत बसतो का?"

"इस्तव दुसऱ्याचा म्हणून फुंकणाऱ्याच्या डोळ्यात धूर जात न्हाई व्हय?"

मी कॅसेट काढून खिशात घातली. तिनं हात धुतले, पदर सारखा केला.

"चला. मला उद्याच्यासाठी बांगड्या भरायच्यात. तुमी बी या."

"मी कशाला?"

"चाचांच्या तोंडाकडं बघा आन मग काय ते ठरवा."

दस्तगीरचाचांचं दुकान मशिदीच्या पलीकडच्या बोळात होतं. दुकान म्हणजे घराचीच ओसरी. भिंतीला काठ्या, काठ्यांवर रंगारंगानं बांगड्यांच्या माळा. जानाईच्या पालखीच्या आदल्या दिवशी तिथं बायकांची रीघ असायची. जानाई आमची ग्रामदेवी. तिचा चुडा या मणेरांच्या, म्हणजे बांगडीवाल्यांच्या, घरून जायचा, हा त्यांचा मान. कधीपासून, ते कुणालाच सांगता यायचं नाही. चैत्रात पालखी निघाली की मशिदीसमोर वाद्यं थांबायची, पालखी जमिनीवर टेकायची, चाचा परडीत हिरव्या बांगड्या घेऊन यायचे, पुजारी त्या देवीपुढं ठेवायचा आणि मग पालखी उचलायची. मशिदीसमोर वाजवायचं नाही म्हणून वाद्यं थांबायची, की देवी बांगड्या भरायला थांबते म्हणून, यावर दोन्हीकडचे लोक आपापलं सांगायचे. त्यावरून कधी काही बिघडलं नव्हतं.

"ये हौसा," चाचा म्हणाले. "आज नवऱ्याला पण आणलंस? त्याच्या मापाच्या नाहीत माझ्याकडं."

बायका हसल्या. मैमूनचाची, चाचांची बायको, मागं बसून माळा ओवत होती. तीही हसली.

हौसानं हात पुढं केला. चाचा तिचा हात दाबत राहिले, अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या हाडांवर. बांगडी भरताना ते हाताकडं बघत नसत, बाईच्या तोंडाकडं बघत.

"हात सैल सोड, पोरी. कुणाचा राग धरून बसलीस? रागाच्या हाताला बांगडी चढत नाही, वाढते." बांगडी फुटली असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. वाढली म्हणतात.

हौसानं माझ्याकडं बघितलं. मी बांगड्यांच्या माळांकडं बघितलं.

"यशवंता," चाचा म्हणाले, "नवीन मशीन आणलंस म्हणे. लांबवर ऐकू जातं? बरं आहे. पण उद्या कोपऱ्याच्या आधी बटण पिळ बाबा. मागल्या साली तुझा आवाज तांबोळ्याच्या दुकानाच्या पुढं आला आणि आमचे लोक मलाच ओरडले. म्हणाले, तुमच्या देवीला सांगा."

"पिळतो चाचा."

"नाही पिळलं तर आम्ही येऊन पिळू," पायरीवरून कुणीतरी बोललं. तो रफिक. चाचांचा पुतण्या. बावीस-तेवीसचा, नुकतंच लग्न झालेलं. सायकल उलटी करून बसला होता.

"तू आधी त्या सायकलची चेन बसव," चाचा म्हणाले. "सकाळपासून काळा झालायस. तुझी बायको ओळखायची नाही तुला."

पुन्हा हसणं झालं. रफिकही हसला.

दोन्ही हात भरून झाल्यावर चाचांनी एक बांगडी वर चढवली. "ही वरची. ही हिशोबात नाही. ही सौभाग्याची."

बांगड्या भरल्या की बाईनं भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा, अशी आमच्याकडची रीत. हौसा वाकली. चाचा नेहमी म्हणायचे तेच म्हणाले, "भरल्या हातानं म्हातारी हो."

कॅसेट माझ्या खिशात होती. बसलो होतो तेव्हा ती मांडीला टोचत होती. एवढंच म्हणायचं होतं, चाचा, उद्या तुम्ही परडी घेऊन बाहेर येऊ नका. किंवा, चाचा, ही बघा कॅसेट. मी म्हणालो नाही.

वाटेत हौसा म्हणाली, "सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? उगाच आजच भडकायचं. लावली तर एक ओळ वाजेल, मी लगेच आवाज पाडीन. दादाचं पण राहील, चाचांचं पण राहील."

तिच्या नव्या बांगड्या घरापर्यंत वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आधी पालखी निघाली. पुढं हलगी, मधे पालखी, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माझं मशीन, बॅटऱ्या आणि बांबूला बांधलेले दोन कर्णे. काटकरदादा ट्रॉलीत माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्याबरोबर दोघं-तिघं, आमच्या गावचे नव्हते ते. भजनाची कॅसेट चालू होती.

तांबोळ्याचं दुकान आलं. हलगीवाल्यांनी सवयीनं हात थांबवला. मीही सवयीनं बटणाकडं हात नेला.

"यशवंता," दादा म्हणाला. एवढंच.

मी भजन काढलं आणि ती कॅसेट घातली.

पालखी खाली टेकली होती. भोई घाम पुसत उभे होते. मशिदीच्या पायरीवर सात-आठ म्हातारे, दरवर्षी असायचे तसे. चाचा परडी घेऊन येताना दिसले, अंगात धुतलेला नेहरू शर्ट, डोक्यावर जरीची टोपी. आणि माझ्या कर्ण्यातून ते सुरू झालं.

माझा हात बटणावर होता. लोकांनी मला नंतर पुष्कळदा सांगितलं की एवढ्या गडबडीत माणसाला काय सुचणार. गडबड नव्हती. आधी सगळं गप्पच झालं होतं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. चाचा थांबले. त्यांनी वर माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. ते हात हलवून खूण करू लागले, पिळ, पिळ. मग बायकांबद्दलचं सुरू झालं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. एका हाताच्या बांगड्या भरून होतील, एवढा वेळ माझा हात बटणावर तसाच होता. मी पिळलं नाही. दादानं माझा हात धरलेला नव्हता. तो माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. तो गच्च्यांकडं बघत होता.

मीही गच्च्यांकडं बघत होतो.

"यशवंता, बंद कर! बंद कर रे, पोरं वर आहेत!" चाचा ट्रॉलीपर्यंत आले. एका हातात परडी, दुसऱ्या हातानं ट्रॉलीची फळी धरून ते वर चढू लागले. बटण त्यांना स्वतः पिळायचं होतं.

दगड समोरच्या गच्चीवरून आला. कर्ण्याला मारलेला होता. लागला चाचांना, कानाच्या मागं.

फळीवरचा हात सुटला आणि ते मागं रस्त्यावर पडले. परडी त्यांच्या आधी पडली.

"आला!" दादा ओरडला. उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडला. "बघितलं का सगळ्यांनी? दगड आला!"

पुढचं सगळ्या गावांत होतं तसंच झालं. ट्रॉलीत गोणपाटाखाली काठ्या होत्या. त्या मला सकाळी दिसल्या होत्या, त्या तंबूच्या असतील असं मी मनाला सांगितलं होतं. दोन दुकानं जळाली, तांबोळ्याचं आणि एका शिंप्याचं. खूप लोकांना लागलं. चाचांना मिरजेला नेताना वाटेतच सगळं संपलं.

एक गोष्ट मात्र लोक सांगत नाहीत. पळापळ झाली तेव्हा भोईसुद्धा पळाले, पुजारी पळाला, देवीचा जयजयकार करणारे सगळे जिकडंतिकडं झाले. पालखी रस्त्यात तशीच राहिली. पोलिसांची गाडी आली तेव्हा जानाई एकटी बसलेली होती, मागं रस्त्यावर बांगड्यांचा चुरा. फौजदारानं विचारलं, "हे कुणाचं आहे?" कुणीही पुढं झालं नाही.

खटला चालला. रफिकनं कबूल केलं की दगड त्यानं मारला. स्वतःच्या चुलत्याला मारायचा नव्हता, कर्ण्याला मारला, असं त्यानं सांगितलं. वकिलानं विचारलं, का मारला? तो म्हणाला, कॅसेटमुळं. मग मला उभं केलं.

जबाब कसा द्यायचा ते दादानं आदल्या दिवशी घोकून घेतलं होतं. मी म्हणालो, "कॅसेट भजनाची होती. त्यात दुसरं काही असेल तर मला माहीत नाही. दुकानात पुष्कळ कॅसेट येतात, कुणी दिली ते आठवत नाही." ती कॅसेट पोलिसांना सापडलीच नाही. दादानं ती त्याच दिवशी मशीनमधून काढून नेली होती.

वकिलानं विचारलं, "मग आवाज कमी का केला नाही?"

"बटण अडकलं होतं."

रफिक पिंजऱ्यात उभा होता. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

काटकरदादा निवडून आला. पुढं नगराध्यक्ष झाला. भाषणात तो एकच विचारायचा, "पहिला दगड कुणी मारला?" आणि तिथंच वाद मिटायचा, कारण दगड तिकडूनच आला होता. पालखीचा रस्ता बदलला. देवीचा चुडा तालुक्याच्या दुकानातून यायला लागला.

जबाब देऊन घरी आलो तेव्हा हौसा चुलीपुढं होती.

"सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"काय?"

"विचारलं तेवढं."

तिनं भाकरी उलटली. पुन्हा त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. पण तिच्या हातातल्या त्या पालखीच्या बांगड्या एकेक करून वाढत गेल्या, भांडी घासताना, लाकडं फोडताना, आणि तिनं नव्या भरल्या नाहीत. वर्षभरात हात मोकळे झाले. शेजारणी बोलायच्या, नवरा जिवंत असताना बाईनं असं राहू नये. माझी आई होती तोवर ती रडायची, म्हणायची, माझ्या पोराच्या जिवावर उठलीस का? हौसा मनगटाला काळा दोरा बांधायची आणि कामाला लागायची. लग्नकार्यात बायका हिरव्या बांगड्या भरायला बसल्या की ही उठून पाणी आणायला जायची.

मी एकदा तालुक्याहून बांगड्या आणल्या. तिनं त्या कागदासकट ट्रंकेत ठेवल्या. मला वाटायचं, मला शिक्षा देते आहे. मला वाटायचं, असू दे, एवढी शिक्षा मला पुरेशी आहे. असं करत एकतीस वर्षं गेली. मी माइकचं दुकान केव्हाच बंद केलं होतं. चांगला संसार केला आम्ही. ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. फक्त मला तिच्या हातांकडं बघता येत नसे.

मागच्या मार्गशीर्षात हौसा गेली. किडन्या गेल्या होत्या, सहा महिने मिरजेच्या फेऱ्या चालल्या होत्या. सकाळी चहा घेतला आणि पडून राहिली, ती राहिलीच.

गल्लीतल्या बायका जमल्या. सवाष्ण गेली, हिरवा चुडा भरून, ओटी भरून पाठवायची. कुणीतरी बांगड्या आणायला निघालं तेव्हा सूनबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामंजी, आत्यांनी मला दिवाळीत सांगून ठेवलंय. भरायच्या तर मैमूनचाचीच्या हातानं. नाहीतर मोकळ्या हातानं न्या, म्हणाल्या."

मुलगा म्हणाला, "मी जातो."

"नको," मी म्हणालो. "मीच जातो."

घरापासून मणेरांचा बोळ दहा मिनिटांवर आहे. एकतीस वर्षांत मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. सांगलीला जायची एस.टी. पकडायची असली तरी नदीकडून वळसा घालून जायचो.

ओसरीवर अजून दोन काठ्या होत्या, थोड्या माळा. मैमूनचाची उन्हात बसली होती. ऐंशीला टेकलेली. दारात रिक्षा उभी होती आणि रफिक तिची काच पुसत होता. दाढी पांढरी झाली होती. त्यानं मला ओळखलं आणि फडकं थांबलं.

"चाची," मी म्हणालो, "हौसा गेली."

तिनं डोळे पुसले. "कधी?"

"सकाळी. तिनं सांगून ठेवलंय की बांगड्या तुमच्या हातानं..." मग जे आधी बोलायला पाहिजे होतं ते बोललो. "चाची, ती कॅसेट मी आदल्या दिवशी ऐकली होती. तुमच्या ओसरीवर बसलो होतो तेव्हा ती माझ्या खिशात होती."

"ठाऊक आहे," चाची म्हणाली.

"कसं?"

"हौसा आली होती. यांना जाऊन पंधरा दिवस झाले असतील. म्हणाली, त्यांनी ऐकली होती आणि मी पण पडद्याआडून ऐकली होती. चाचांनी माझे हात भरले, मी त्यांच्यापुढं वाकले, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. नवऱ्याची लाज झाकली, म्हणाली. मग हात पुढं करून म्हणाली, चाची, आता तुम्ही बोलवाल तेव्हाच भरीन."

"मग तुम्ही..."

"नाही बोलवलं." चाची काठीला धरून उठू लागली. "दर साली वाटायचं, औंदा बोलवीन. मग पालखीचा दिवस यायचा आणि बोलवणं व्हायचं नाही. मला काय ठाऊक ती माझ्या आधी जाईल."

म्हणजे ते हात माझ्यासाठी मोकळे नव्हते. एकतीस वर्षं मी ती माझी शिक्षा समजत आलो होतो.

रफिक रिक्षाला टेकून सगळं ऐकत होता. मी त्याच्याकडं वळलो.

"रफिक, मी कोर्टात खोटं बोललो. बटण अडकलं नव्हतं."

"ते मला तेव्हाच कळलं होतं काका. तुम्ही खाली बघून बोलत होता." त्याचा आवाज चढला नाही. "दगड माझाच होता. ते मी कधी नाही म्हटलं नाही. अजून रोज झोपताना चाचा फळीवर चढताना दिसतात. पण कोर्टानं विचारलं, का? आणि ते 'का' तुम्ही खाऊन टाकलंत. मग मी काय उरलो? आपल्याच चुलत्याला मारणारा."

"अजून आहे," मी म्हणालो. "काटकरनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं की पहिला दगड तुमच्याकडून यायला पाहिजे. कॅसेट त्यासाठीच होती. मला ठाऊक होतं."

हे त्याला माहीत नव्हतं. हौसानं ते ऐकलं असेल तर तिनंही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे मी वर होतो," तो हळू बोलला, "आणि तुम्ही खाली माझ्या दगडाची वाट बघत होता."

"हो."

त्यानं फडकं पिळलं, झटकलं, हँडलवर टाकलं. मला वाटलं तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रफिक," चाची म्हणाली, "रिक्षा काढ. हात गार पडले की बांगडी चढत नाही." आणि मला म्हणाली, "मी हौसासाठी येते आहे. तुझ्यासाठी नाही."

दारात माणसं जमली होती. मधल्या खुर्चीवर काटकरदादा बसला होता, हार घेऊन आला होता. त्याचेही गुडघे गेले आहेत आता. रिक्षातून चाची उतरताना बघून तो मला म्हणाला, "अरे यशवंता, एवढ्या म्हातारीला कशाला त्रास? तयार बांगड्या मिळतात की दुकानात."

"दादा," मी म्हणालो. एवढ्या लोकांत मी कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. दुसऱ्यांचाच आवाज मोठा करत आलो. "कोपऱ्यावरची कॅसेट तुम्ही मला दिली होती. मी ती आधी ऐकली होती. बटण माझ्या हातात होतं आणि ते अडकलं नव्हतं. पहिला दगड तिकडून यावा म्हणून आपण दोघांनी ती लावली. हे रफिकच्या खटल्यात सांगायला पाहिजे होतं. आज सांगतो आहे."

दादा खुर्चीला धरून उठला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडं बघून म्हणाला, "बायको गेली की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. आत न्या त्याला."

दोघांनी माना हलवल्या. बाकीचे जमिनीकडं बघत राहिले. त्यांतले निम्मे तरी त्या दिवशी कोपऱ्यावर होते. रफिक रिक्षातच बसून होता. त्यानं ऐकलं एवढं मला दिसलं.

आत हौसाला न्हाऊ घालून ठेवलं होतं. चाची तिच्या उशाशी बसली, पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या, वाटीत साबणाचं पाणी मागितलं. बायका मागं सरकल्या.

"इकडं ये," तिनं मला बोलावलं. "कोपर धर. घट्ट धर, हात खाली जाऊ देऊ नको."

मी धरलं. चाचीनं हौसाचं मनगट दाबायला सुरुवात केली, अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या हाडांवर, चाचा दाबायचे तसं. काळा दोरा तिनं दातानं तोडला. खूप वेळ लागला. पहिली बांगडी वाढली. दुसरी चढली. मग एकामागून एक. चाची हाताकडं बघत नव्हती, हौसाच्या तोंडाकडं बघत होती.

दोन्ही हात झाल्यावर तिनं एक आणखी काढली आणि वर चढवली.

"ही वरची," ती म्हणाली.

मग ती थांबली. सगळ्याच थांबल्या. आता बाईनं वाकायचं असतं.

मी हौसाचा हात तिच्या अंगावर ठेवला. बांगड्या वाजल्या. मी उठलो आणि चाचीच्या पायांवर डोकं ठेवलं.

तिनं पाय मागं घेतले नाहीत. माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. उरलेल्या बांगड्या ती दोऱ्यात ओवत होती, ते ऐकू येत होतं.

"ऊठ," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तिला उशीर होतोय."